खाडे कोणाच्या हिश्श्यात पडले: एका वावराच्या चित्राचं प्रकरण

चित्र होतं सहा एकर कापसाच्या वावराचं. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, गावातून नाल्याच्या अंगाने निघालं की दहा मिनिटांत ते वावर लागतं, लांबुळकं, पश्चिमेला बरड, म्हणजे उथळ मुरमाड जमीन, आणि पूर्वेला नाल्याकडे उतरत गेलेली खोल काळी जमीन. वावर दोन भावांचं. दोघांनाही मी काकाजीच म्हणते, म्हणून इथे मोठे काकाजी आणि धाकले काकाजी एवढंच लिहिते.

मी काय करते ते आधी सांगते, कारण गावात अजून बऱ्याच जणांना मी कॉम्प्युटरवर फोटो सजवून देते असं वाटतं. मी हाताने चित्र काढत नाही, चित्राचे नियम लिहिते. पायथॉन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहायचा, प्रोग्राम रेषा ठरवतो आणि मग घरीच बनवलेला पेन प्लॉटर त्या रेषा खऱ्या पेनाने खऱ्या कागदावर काढतो. प्लॉटर म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या दोन स्टेपर मोटर, त्यांना हुकूम देणारा आर्डुइनो नावाचा एक छोटा बोर्ड, दातेरी पट्टे आणि पेन वरखाली करायला एक बारकी सर्व्हो मोटर. स्टेपर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर त्या प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो म्हणजे ३,२०० झाले, पट्टा एका फेऱ्यात ४० मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक मिलिमीटर रेषेसाठी ८० बारीक पावलं. हाताला जमणार नाही इतकी अचूक रेष निघते, पण लाइट गेली की मोटरला आपण कागदावर कुठे होतो ते आठवत नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून घरातला इन्व्हर्टर मी पंख्याला न लावता प्लॉटरला लावलेला आहे.

मोठे काकाजी मागच्या वर्षी संक्रांतीच्या आसपास घरी आले. पाडव्यानंतर वाटणी करायचं ठरलं होतं, आपसात समजुतीने, मग तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ चा वाटणीचा अर्ज, मग सातबारा वेगळे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की वावर एकत्र आहे तोवर त्याचं काहीतरी ठेवावं. फोटो नको म्हणाले, फोटोत नुसती पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, दिसते, वावर दिसत नाही. हे वाक्य मला फार आवडलं होतं आणि मी लगेच हो म्हटलं.

आमच्याकडे कापूस बरेच जण अजून चौफुलीवर लावतात. आधी उभ्या काकऱ्या पाडायच्या, मग आडव्या, आणि जिथे दोन काकऱ्या एकमेकींना छेदतात त्या फुलीवर बी टोबायचं, म्हणजे पुढे डवरा उभाही चालतो आणि आडवाही चालतो. वरून पाहिलं तर वावर म्हणजे फुल्यांचा कागदच. मी तेच घेतलं. ए टू आकाराचा कागद, त्यावर ४८ उभी तासं, म्हणजे ओळी, प्रत्येक तासात ७२ फुल्या, म्हणजे ३,४५६ जागा. खऱ्या सहा एकरात ३ बाय ३ फुटावर लावलं तर २९ हजार झाडं बसतात, ती कागदावर काढता येत नाहीत, म्हणून एक फुली म्हणजे आठ-नऊ झाडं धरली. आता या सगळ्या फुल्या सारख्या काढल्या तर तो ग्राफ पेपर झाला. तिथे मी दोन नियम घातले. पहिला, शंभरातल्या ८ जागा रिकाम्या सोडायच्या, कोणत्या ते रँडम, कारण खाडे, म्हणजे बी न उगवून रिकाम्या राहिलेल्या जागा, नाहीत असं वावर कोणी पाहिलंय. दुसरा, पश्चिमेकडच्या फुल्या सरळ आणि नाल्याकडे जाऊ तशा वाकड्या होत जायच्या.

दुसरा नियम माझा नव्हता, उसना होता. जॉर्ज नीस नावाचे जर्मन गणितज्ञ सीमेन्स कंपनीत होते, त्यांचं १९६८ च्या सुमाराचं एक चित्र आहे, नाव शॉटर, म्हणजे आपल्याकडे गिट्टी म्हणतात ती. १२ चौकोनांच्या २२ ओळी. वरच्या ओळी अगदी शिस्तीत आणि खाली येऊ तसे चौकोन तिरपे होतात, जागेवरून सरकतात, शेवटी खरंच ट्रकमधून गिट्टी ओतल्यासारखे पडतात. झुझे कंपनीच्या ग्राफोमॅट प्लॉटरवर त्यांचं काम चालायचं आणि कोड अल्गोल या त्या काळच्या कॉम्प्युटर भाषेत. १९६५ च्या फेब्रुवारीत स्टुटगार्टला त्यांच्या कॉम्प्युटर चित्रांचं प्रदर्शन झालं तेव्हा आलेले चित्रकार चिडले होते, मग माक्स बेन्झे या प्राध्यापकांनी त्यांना शांत करायला ही कृत्रिम कला आहे असं म्हटलं होतं. ते चित्र मी पहिल्यांदा नागपूरला कॉलेजात असताना स्क्रीनवर पाहिलं, आणि तेव्हापासून शिस्त हळूहळू कशी मोडते हे काढत राहावं असंच मला वाटत आलंय. व्हेरा मोल्नार या चित्रकार तर तेच आयुष्यभर करत राहिल्या, बुडापेस्टला १९२४ मध्ये जन्म, पॅरिसला काम, १९६८ पासून कॉम्प्युटर, आणि डिसेंबर २०२३ मध्ये गेल्या तोवर चौकोन कितपत बिघडवला की तो जिवंत दिसतो हे शोधत होत्या.

तर प्रोग्राम तयार झाला, मी तो ४० वेळा चालवला, प्रत्येक वेळी खाडे वेगळे, वाकडेपणा वेगळा. चाळीस चित्रं स्क्रीनवर पाहिली आणि त्यातलं एक निवडलं. त्यात नाल्याच्या बाजूला, जिथे खरंच एक जुनं मोहाचं झाड आहे, त्याच्या आसपास खाडे एकत्र जमले होते आणि तिथे चित्राला मोकळा श्वास मिळाला असं मला वाटलं. प्लॉटरने साडेचार तासांत काढलं. मोठ्या काकाजींनी फ्रेम करून बैठकीत लावलं, काकूंनी हळदीकुंकू लावलं, मला चार हजार रुपये आणि एक पायली तुरीची दाळ मिळाली. प्रकरण इथेच संपायला हवं होतं.

पाडव्यानंतर वाटणी झाली. मधून उत्तर-दक्षिण धुरा, म्हणजे बांध, टाकला, पश्चिमेचा अर्धा भाग मोठ्यांना, नाल्याकडचा धाकल्यांना. मे महिन्यात, भर उन्हात दुपारी दोनला धाकले काकाजी सायकलवर आमच्या ओसरीत आले. पाणी प्यायले, टोपीने तोंड पुसलं आणि म्हणाले, बाई, एक विचारू का, राग नको येऊ देऊ. माह्या हिश्श्यातच खाडे काहून जास्त दाखोले?

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, चित्र काढलं तेव्हा धुरा नव्हता, आता आहे, आणि धुरा चित्राच्या बरोबर मधून जातो. त्यांनी भावाच्या बैठकीत बसून, चहा पिता पिता, बोटाने मोजलं होतं. मोठ्यांच्या बाजूला १२७ खाडे, त्यांच्या बाजूला १५८. आणि वर त्यांच्या बाजूच्या फुल्या वाकड्या, भावाच्या बाजूच्या सरळ. येणारा-जाणारा बैठकीत बसतो, चित्र पाहतो, आणि धाकल्याकडे काही उगवत नाही म्हणतो. अर्धा हिस्सा मक्त्याने, म्हणजे वर्षाचे ठरावीक पैसे घेऊन कसायला, द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि घ्यायला आलेल्या माणसाने खरंच त्या चित्राचा विषय काढला होता.

मी तेव्हा जे उत्तर दिलं ते इथे जसंच्या तसं लिहिते कारण सगळं त्यावरच आहे. मी म्हटलं, काकाजी, ते मी नाही ठरवलं, ते रँडम आहे, मशीनने आपल्या मनाने टाकले.

ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मशीनले कोठी माहीत हाय माहं वावर?

संध्याकाळी मी मनाची समजूत घालायला गणित करून पाहिलं. एका बाजूला १,७२८ जागा, शंभरात ८ प्रमाणे १३८ खाडे यायला हवेत, पण रँडम कधी बरोबर १३८ देत नाही. अंगणात मूठभर ज्वारी फेकून पाहा, दाणे सारखे पसरत नाहीत, कुठे पाच एकाजागी पडतात आणि कुठे हातभर काहीच नाही. सारखं पसरायला माणसाचा हात लागतो, दोर लागतो, काकरी लागते. दोन्ही बाजूंत ३१ चा किंवा त्याहून मोठा फरक किती वेळा येतो ते पाहायला प्रोग्राम हजार वेळा चालवला, पन्नासच्या आसपास वेळा आला. म्हणजे वीसात एकदा. चला, म्हटलं, माझं खरं होतं, योगायोग आहे.

आणि मग रात्री झोप येईना, कारण वीसात एक म्हणजे चाळीसात दोन. मी चाळीस चित्रं पाहिली होती. त्यात दोनेक अशी निघणारच होती, आणि मी नेमकं त्यातलं एक उचललं होतं, आवडलं म्हणून, मोहाजवळची ती मोकळी जागा सुंदर दिसली म्हणून. एकोणचाळीस चित्रं मी स्वतः बाजूला सारली होती. वाकडेपणा नाल्याकडे वाढवायचा हे तर मी सरळ सरळ लिहिलंच होतं. मग मशीनने आपल्या मनाने टाकले हे मी कोणत्या तोंडाने सांगितलं? खाडे कुठे पडले ते मीच ठरवलं होतं, फक्त हात नंबरांचा वापरला होता. अल्गोरिदमवर काम करणारे आम्ही सगळे हे वाक्य किती सहज बोलतो, प्रदर्शनाच्या पाटीवर लिहितो सुद्धा, यादृच्छिक प्रक्रियेतून साकारलेली कलाकृती वगैरे. प्रक्रिया यादृच्छिक असेल, निवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि हे जसं आहे तसं सांगितलं. म्हटलं, तुम्हाला दुसरं काढून देते, पैसे नको. ते म्हणाले, दुसरं नको, तेच दे, फक्त त्यातलं माह्याकडचं जे खोटं हाय तेवढं दुरुस्त कर. आणि तिथे माझी दुसरी चूक उघडी पडली. तेच चित्र माझ्याकडे नव्हतं.

हे जरा समजावून सांगावं लागेल. कॉम्प्युटरमधला रँडम हा खरा रँडम नसतो, तो हिशोब असतो. त्यांची मुलगी दहावीला आहे, तिच्या पाटीवर मी काढून दाखवलं. एक आकडा घे, समज ७. त्याला ५ ने गुण, ३ मिळव, आणि १६ ने भागून बाकी घे. ७ चे झाले ३८, बाकी ६. मग ६ चे ३३, बाकी १. मग १ चे ८. मग ८ चे ४३, बाकी ११. मग १०, मग ५. बघणाऱ्याला ७, ६, १, ८, ११, १०, ५ असे कसेही पडलेले आकडे वाटतात, पण सुरुवात ७ ने केली की दर वेळी हेच येणार, आणि ९ ने केली की ९, ०, ३, २ अशी. त्या पहिल्या आकड्याला सीड म्हणतात. पायथॉनमध्ये जो हिशोब आहे तो फार मोठा आहे, मर्सेन ट्विस्टर, मात्सुमोतो आणि निशिमुरा या दोन जपान्यांनी १९९७ मध्ये केलेला, आकड्यांची रांग परत पहिल्यापासून सुरू व्हायला २ चा १९,९३७ वा घात वजा १ इतके आकडे जावे लागतात. पण तत्त्व तेच. सीड लिहून ठेवलं तर तेच चित्र दहा वर्षांनीही निघतं, नाही लिहिलं तर प्रोग्राम स्वतःहून ऑपरेटिंग सिस्टीमकडून एक घेतो, वापरतो, आणि तो आकडा कुठेही राहत नाही.

मी लिहिलं नव्हतं. रेषांची फाइल तरी असावी, तर ती प्रत्येक वेळी एकाच नावाने सेव्ह होत होती, पुढचं चित्र मागच्यावर बसत गेलं. चार हजार रुपये घेतलेलं काम आणि त्याचं मूळ माझ्याकडे नाही.

सीड हा शब्द ऐकल्यावर काकाजींनी मान वर केली. त्यांना तो शब्द माझ्याहून जास्त माहीत, कृषी केंद्राच्या पाटीवर रोज वाचतात. उठून आत गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. त्यात मागच्या तीन-चार हंगामांच्या कपाशीच्या रिकाम्या थैल्या घडी करून ठेवलेल्या, प्रत्येकीला टाचणीने पावती लावलेली, आणि कागदाच्या पुडीत थोडं बी. कृषी विभाग दर वर्षी हेच सांगतो, थैली, टॅग, पावती जपून ठेवा आणि त्यातलं थोडं बी ठेवा, उगवण झाली नाही तर तक्रार करायला लॉट नंबर लागतो, तो नसेल तर दुकानदार आपलं नाहीच म्हणतो. काकाजी म्हणाले, हे पाह्य, माह्या वावरात काय पेरलं ते मी सांगू शकतो. तू काय पेरलं ते तुले सांगता येत नाही.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नाही.

मग काय काय करता येईल ते पाहिलं. पहिल्या चित्राचा स्कॅन करून प्रत्येक फुलीची जागा मोजून परत काढता आली असती, दोन दिवसांचं काम, पण मग ते नियमातून आलेलं चित्र राहत नाही, छापून घेतल्यासारखं होतं, आणि त्यातलं खोटंही जसंच्या तसं येतं. सीड अंदाजाने शोधणं तर आवाक्याबाहेरचं. मोठ्या काकाजींनी, त्यांच्या कानावर गेल्यावर, सोपा तोडगा सांगितला, दोघांले सारखे खाडे दे ना बेटा, मिटलं. हे करता येतं. ठिपके एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून पसरवायची एक पद्धत आहे, पॉइसन डिस्क म्हणतात, रॉबर्ट ब्रिडसन यांनी २००७ मध्ये ती एका पानात इतकी सोपी करून मांडली की आता कोणीही लिहू शकतं. त्याने खाडे दोन्हीकडे जवळपास सारखे आणि सुटे सुटे पडले असते. मी धाकल्यांना विचारलं. ते म्हणाले, सारखं केलं तं तेही खोटंच झालं ना, वावर सारखं नाही. जे हाय ते दाखव.

तोवर मला वाटत होतं त्यांना कमी खाडे हवेत. तसं नव्हतंच.

म्हणून ठरवलं की त्या हंगामाचे खरे खाडे मोजायचे. मिरग लागला, पाऊस पडला, दोन्ही भावांनी एकाच दुकानातून एकाच लॉटचं बियाणं आणलं होतं, ४७५ ग्रॅमच्या थैल्या, एकाच दिवशी टोबलं. त्यानंतर बारा दिवस उघाड. जूनच्या शेवटी मी आणि ती दहावीची पोरगी वही घेऊन वावरात उतरलो. सगळं मोजणं शक्य नव्हतं, म्हणून धुऱ्याच्या दोन्हीकडे सहा-सहा ठिकाणी दोरी लावून १० बाय १० फुल्यांचा चौकोन आखला, म्हणजे एका बाजूला ६०० जागा, आणि कुठे उगवलं नाही ते वहीत टिंब देऊन मांडलं. पायात चिखल नव्हता, धूळ होती, आणि साडेदहा वाजता ऊन असं की वही पांढरी दिसायची बंद झाली. पोरीने मोजायची एक पद्धत काढली, प्रत्येक तासात जाताना पावलागणिक आकडा मोठ्याने म्हणायचा आणि खाडा आला की टाळी, मी वहीत टिंब देत जायचे. चौफुलीच्या वावरात टाळ्यांचा आवाज, शेजारच्या वावरातल्या बाया निंदण सोडून पाहत होत्या.

मोठ्यांच्या बाजूला ७१ खाडे निघाले, धाकल्यांच्या बाजूला ५२. बरडावर ओल टिकली नाही, बी करपलं, खोल काळीने धरून ठेवलं. लॉट एक, दिवस एक, जमीन वेगळी. माझ्या चित्रात मी नेमकं उलट दाखवलं होतं.

प्रोग्राम नव्याने लिहिला. आता खाड्यांचं प्रमाण सगळीकडे ८ नाही, बारा चौकोनांवरून त्या त्या भागाचं प्रमाण धरलं, बरडाच्या वरच्या कोपऱ्यात जास्त, मोहाच्या झाडाखाली सावली आणि मुळ्या म्हणून तिथेही जास्त, बाकी काळीत कमी. प्रत्येक खाडा नेमका कोणत्या फुलीवर ते अजूनही रँडमच आहे, ते असूच द्यावं असं मला वाटतं, नाहीतर तो सर्व्हेचा नकाशा होईल. पण कुठे दाट आणि कुठे विरळ हे वावराने सांगितलेलं आहे. सीड प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहिलं, आणि या वेळी चाळीसातून निवड केली नाही. सीड आधी ठरवलं, १२०६, म्हणजे त्यांची टोबणीची तारीख आणि महिना, जे निघेल ते घ्यायचं असं ठरवून एकदाच चालवलं. निघालं ते पहिल्याइतकं सुंदर नाही हे मला कबूल केलं पाहिजे. पहिल्यातली ती मोहाजवळची मोकळी जागा मला अजून आठवते.

नाल्याकडच्या वाकडेपणाचं काय करायचं हे मी विचारलं, काढून टाकायची तयारी होती. धाकले काकाजी म्हणाले, राहू दे, नाल्याले पूर आला का त्या बाजूची पऱ्हाटी लवतेच, त्यात खोटं काय हाय.

दोन प्रती काढल्या, एकाच सीडने, एकाच फाइलमधून, दोघांना एक-एक. ऑगस्टमध्ये, हवेत ओल, कागद सकाळी ताठ आणि संध्याकाळी फुगलेला, दुसऱ्या प्रतीत शाई जरा पसरली आणि रेष जाड आली. नवं पेन घेतलं तरी तेच. धाकल्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या आणि जाड रेषेची मागून घेतली.

मोठ्या काकाजींकडे त्यांची प्रत घेऊन गेले तेव्हा थोडी भीती होती, कारण आता खाडे त्यांच्याकडे जास्त. त्यांनी बराच वेळ पाहिलं, बरडाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, म्हणाले, हो, अथी करपलं होतं यंदा. मग म्हणाले, पण यंदाच, पुढच्या साली पाऊस जास्त झाला तं उलटं होईन, खाली साल लिहून दे. मी पेन्सिलीने खालच्या कोपऱ्यात साल लिहिलं, सीड लिहिलं, पायथॉनची आवृत्तीही लिहिली, कारण आवृत्ती बदलली की रँडममधल्या काही फंक्शनचं उत्तर बदलू शकतं. आता हे सगळं प्रत्येक कामावर लिहिते, फाइलच्या नावात सीड आणि तारीख असते, आणि किती चित्रांतून हे निवडलं तो आकडाही लिहिते. शेवटचं कोणी मागत नाही, पण मला ते सीडहून महत्त्वाचं वाटतं.

पहिलं चित्र परत द्या असं मी मोठ्यांना म्हणून पाहिलं. काकूंनी नाही म्हटलं, ते वावर एक होतं तेव्हाचं हाय, ते आमच्याकडेच राहील. धाकल्यांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. बैठकीतून काढून ते आतल्या खोलीत लावलं एवढं झालं, येणाऱ्या-जाणाऱ्याला आता नवं दिसतं. मक्त्याचं पुढे जमलं नाही, त्यात चित्राचा हात किती आणि भावाचा किती ते मी सांगू शकत नाही, यंदा त्यांनी स्वतःच केलं वावर.

धाकल्यांनी माझ्याकडून पावती मागितली होती, पैसे घेतले नसताना. त्यावर कागद कोणता, पेन कोणतं, सीड काय ते लिहून सही करून दिली, आणि ती त्यांनी त्याच पेटीत थैल्यांसोबत ठेवली.

यंदा टोबणी होऊन तीन आठवडे झाले. परवा पोरीने वहीच्या पानांचे फोटो पाठवले, बाराही चौकोन तिने एकटीने मोजले, या वेळी नाल्याकडे खाडे जास्त आहेत, लागोपाठ पाच दिवस झड होती आणि पाणी साचलं होतं. खाली काकाजींचा निरोप, या साली सीड तारखेचं नको, थैलीचा लॉट नंबर घे. लॉट नंबरात अक्षरंही आहेत, ती सोडून आकडे तेवढे घेतले, पावतीवर पूर्ण नंबर लिहीन. कागद लावून ठेवलाय, दुपारपासून लाइट नाही आणि इन्व्हर्टर उतरलाय, आली की सुरू करते.